गाव घरी येतं तेव्हा आपली बस निघालेली असते

प्रति,
मा. प्राचार्य आणि
मा. अध्यक्ष व सदस्य, महाविद्यालय विकास समिती,
नागपूर

विषय: सात दिवसांचं निवासी सेवा शिबिर रद्द करून दोन दिवसांची 'सेवा सहल' ठेवण्याच्या निर्णयाबाबत

महोदय,

गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर नोटीस लागली. राष्ट्रीय सेवा योजनेचं यंदाचं निवासी शिबिर रद्द. त्याऐवजी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवसांची सहल, रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कार्यक्रमात उद्घाटन, वृक्षारोपण, वनराई बंधारा (माती-वाळू भरलेल्या पोत्यांचा नाल्यावरचा तात्पुरता बांध), ग्रामस्वच्छता आणि प्रमाणपत्र वाटप. कारणं तीन दिली आहेत: मुलींची सुरक्षितता, खर्च आणि परीक्षा. तिन्ही कारणं खरी आहेत, आम्ही ती उडवून लावत नाही. पण जो तोडगा काढला आहे तो या तिन्हींपैकी एकालाही पुरत नाही, आणि हे पत्रात मांडल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही या एककाचे आजी-माजी स्वयंसेवक. शिबिराचा प्रस्ताव आमचाच होता. काटोल तालुक्यातल्या ज्या गावाला तो दिला, तिथल्या ग्रामसभेने ठरावही केला आहे. त्यामुळे उत्तर आम्हालाच नाही, गावालाही द्यावं लागणार. म्हणून हे पत्र उघड.

प्रस्तावात दोन टप्पे होते, हे नोटीस वाचून कोणाला कळणार नाही. पहिला टप्पा दिवाळीनंतरचा, पेपर नसलेला एक शनिवार-रविवार, गावातच मुक्काम, काम एकच: वनराई बंधारा. हे तास वर्षाच्या 120 नियमित तासांत मोजायचे, शिबिरात नाही. दुसरा टप्पा जानेवारीत, सत्र परीक्षा आटोपल्यावर, सात दिवसांचा. परीक्षांची अडचण या रचनेत आधीच सोडवलेली होती. समितीने दोन्ही टप्पे एकत्र करून फेब्रुवारीत ढकलले आणि तिथेच पहिली चूक झाली.

वनराई बंधारा हा वाहत्या पाण्यावर घालायचा असतो. पाऊस परतला, नाल्याचा जोर ओसरला, पण धार अजून आहे, असा काळ आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत मिळतो. तेव्हा अडवलेलं पाणी आजूबाजूच्या विहिरींत झिरपतं आणि संत्र्याला, हरभऱ्याला एक-दोन पाळ्या जास्त मिळतात. फेब्रुवारीत त्या नाल्यात वाळू आणि गोटे असतात. कोरड्या नाल्यात चुंगड्या (पोती) रचून फोटो निघेल, पाणी कुठून येणार? आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात तोच बांध वाहून जाईल.

मोजून सांगतो, कारण 'दीड तासात बंधारा' असं समजूनच कार्यक्रमपत्रिका छापली गेली आहे. आम्ही पाहिलेली जागा सहा मीटर रुंद आहे, दोन्ही काठ टणक. उंची 90 सेंटीमीटर. सिमेंटची रिकामी चुंगडी दोन-तृतीयांश भरली की आडवी टाकल्यावर साधारण 60 सेंटीमीटर लांब, 40 रुंद आणि 10 जाड बसते. लांबी पाण्याच्या दिशेने ठेवायची, म्हणजे एका ओळीत 15. खालचे तीन थर तीन-तीन ओळींचे, मधले तीन दोन-दोन ओळींचे, वरचे तीन एकेरी. झाल्या 270. काठात दोन्ही बाजूंनी हातभर खोल घुसवायच्या आणि फाटक्या निघतात त्या धरून 320 न्यायच्या. एका चुंगडीत तीन घमेली, वजन 30 ते 35 किलो. म्हणजे 270 चुंगड्यांची नऊ टनांच्या आसपास माती-वाळू हातांनी हलवायची आहे.

यात काय बिघडतं तेही ठरलेलं आहे. हौसेने चुंगडी तोंडापर्यंत भरली की ती गोल होते, थरावर थर बसत नाही आणि सांध्यांतून पाणी पळतं. विटांसारखी सांधेमोड केली नाही तर उभी भेग राहते. तळातली सैल वाळू न काढता पहिला थर टाकला तर पाणी खालून निघून जातं, वरून बांध अगदी देखणा दिसतो. दोन ओळींच्या मध्ये चिकणमाती ठासायची, तीही ओली करून, पायांनी तुडवून. इथे सगळ्यात जास्त आळस होतो. मातीही बांधाच्या लगेच खालच्या बाजूने उचलायची नाही, नाहीतर सांडणारं पाणी तिथेच खड्डा करतं आणि पायाच खचतो. शिवाय खेकडे आहेतच, ते आठवडाभरात बीळ पाडतात. गावातल्या कोणीतरी पंधरा दिवसांनी फेरी मारून भोकं बुजवावी लागतात.

पन्नास पोरं नाल्यावर उतरली की पहिल्या तासात आठ जण राबतात आणि बाकीची मोबाइल काढून उभी राहतात. दोष त्यांचा नसतो. भरण्याची जागा एकच असेल तर मागची साखळी रिकामीच राहणार. चार जागी भरणं लावायचं: प्रत्येक जागी दोन फावडी, एक जण चुंगडीचं तोंड धरायला, एक दाभण-सुतळी घेऊन शिवायला. उरलेल्यांची साखळी, हातभर अंतरावर, दर वीस मिनिटांनी जागा बदलून. शिवलेलं तोंड पाण्याच्या उलट बाजूला. सिमेंटच्या चुंगड्या आधीच झटकून, धुऊन न्यायच्या, कारण ती पूड डोळ्यांत आणि ओल्या हातांवर चरचरते. हातमोजे नसतील तर पहिल्याच दिवशी तळहाताला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मी फौज गार. एवढं सगळं बसवायला दोन सकाळी लागतात. आपल्या पत्रिकेत त्याला जेवणाआधीची दीड तासांची जागा दिली आहे.

दुसरी हरकत रोजच्या ये-जा करण्यावर. ही सगळ्यात मोठी.

काटोलकडच्या गावांत हिवाळ्यात दिवसा माणूस भेटत नाही. कापसाची वेचणी सुरू असते, बायका सकाळी आठ-साडेआठला डबा बांधून वावरात जातात. संत्र्याच्या तोडणीवर पुरुष जातात. दुपारी गावात म्हाताऱ्या, लहान पोरं, अंगणवाडी सेविका आणि पारावर बसलेले चार जण. आपली बस इथून आठला निघणार, 65 किलोमीटर जाऊन दहाला पोचणार. चहा, नारळ, भाषणं यात अकरा. अंधाराआधी परत यायचं म्हणून चारला निघणार. बायका डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन गावात शिरतात तेव्हा वेस ओलांडून आपली बस निघालेली असते. मग घरोघरचं सर्वेक्षण कोणाचं करणार? पाण्याबद्दल, संडासाबद्दल, शाळा सुटलेल्या मुलींबद्दल बोलायला माणूस संध्याकाळी सातनंतर ओट्यावर मिळतो, चुलीवर भाकर असताना. त्या वेळी एक मुलगा, एक मुलगी अशी जोडी, आठच प्रश्न, कागद मांडीवर. आणि जमवलेली माहिती सातव्या दिवशी गावासमोर वाचून दाखवायची; ती आपल्या कपाटात घालायला गोळा करायची नसते.

तासांचा हिशोबही पाहा. सहलीत फार तर चार तास काम, दोन दिवस, पन्नास जण: 400 मनुष्यतास, तेही भाषणं आटोपती घेतली तर. निवासी शिबिरात सकाळी साडेसात ते साडेअकरा श्रमदान, सहा दिवस: 1200. संध्याकाळ वेगळी.

खर्चाचा मुद्दा इथेच येतो. सहलीला एसटीच्या प्रासंगिक करारावर चार खेपा लागतात, 260 किलोमीटर. बंधाऱ्याचा शनिवार-रविवार धरून निवासी शिबिरालाही चारच खेपा, तितकेच किलोमीटर. फरक एवढाच की त्यात दोनऐवजी नऊ दिवस पदरात पडतात. जेवणाचा खर्च वाढतो, कबूल. 55 माणसं, सात दिवस, दोन वेळा म्हणजे 770 ताटं. माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 100 ग्रॅम कणीक, 40 ग्रॅम डाळ धरली तर 77 किलो तांदूळ, तेवढीच कणीक, 31 किलो डाळ. भाजी गावातूनच घ्यायची. नाश्त्याला पोहे, माणशी 60 ग्रॅम, रोज साडेतीन किलोच्या आत. (पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, एकच दिवस. रोज तर्री ठेवली की श्रमदानाच्या वेळी कोण कुठे पळतं ते आम्ही सांगायला नको.) सिलिंडर व्यावसायिक 19 किलोचेच; घरगुती सिलिंडर नेऊन बसलेलं आढळलं तर आपलीच नाचक्की. हे सगळं प्रस्तावाच्या तक्त्यात होतं. अडचण रकमेची नाही, ती वेळेवर हातात न येण्याची आहे. अनुदान मागाहून येतं आणि तोवर कार्यक्रम अधिकारी स्वतःच्या खिशातून किराणा भरतात. अग्रिम रक्कम दिली की हा प्रश्न उरत नाही.

आता मुलींबद्दल. 'मुली रात्री थांबणार नाहीत' हा निर्णय मुलींना न विचारता झाला. सुरक्षिततेची काळजी असेल तर ती जागेच्या पाहणीत दिसायला हवी. मुक्कामाच्या खोलीला आतून कडी आहे का. संडास किती पावलांवर आहे आणि त्या वाटेवर दिवा आहे का. वीस मुलींमागे एक संडास तरी चालू आहे का, की कुलूप घालून त्यात गोवऱ्या भरल्या आहेत. दोन महिला प्राध्यापक मुक्कामाला आहेत का, एक नाही, दोन. एकीला ताप आला तरी दुसरी असते. गावच्या पोलीस पाटलांना आणि ठाण्याला लेखी कळवलं आहे का. निवडलेल्या गावात या पाचपैकी चार गोष्टी होत्या, पाचवी म्हणजे वाटेवरचा दिवा, तो ग्रामपंचायत लावून देणार होती. उलट सहलीत मुली डिसेंबर-जानेवारीत जायच्या ठरल्या असत्या तर साडेपाच-सहाला अंधारलेल्या रस्त्याने परतल्या असत्या आणि कॉलेजच्या फाटकावर उतरून पुढे एकट्या घरी गेल्या असत्या. फेब्रुवारीतही तेवीस-चोवीस मुली हिंगणा, कामठीकडे संध्याकाळी कशा पोचतात याची विचारणा नोटिशीत नाही. आणि हेही लक्षात घ्या: दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर हे स्वयंसेवकाचं ठरलेलं माप आहे. शिबिरच रद्द केलं तर दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुला-मुलींचं ते माप भरायचं राहून जातं.

वृक्षारोपणावर फार लिहीत नाही. फेब्रुवारीत लावलेलं रोप मेमध्ये विदर्भाच्या उन्हात जगवायला त्याला कोणीतरी आठवड्यातून दोनदा पाणी घालावं लागतं. ते कोण घालणार हे नोटिशीत नाही. झाडं जुलैत लावू, खड्डे मे महिन्यात खोदून ठेवू.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर जे खरोखर अंगावर येतं ते सांगतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. हा आजार असलेल्या मुलाला थंडी, कमी पाणी आणि अंगमेहनत एकत्र मिळाली तर असह्य दुखणं सुरू होऊ शकतं. आपल्या संमतिपत्रात रक्तगट विचारला आहे, सिकलसेल विचारलेला नाही, दमा नाही, फिट नाही. ही माहिती बंद पाकिटात, एकाच अधिकाऱ्याकडे राहावी. असं मूल वगळायचं नाही. त्याला मोजमाप, नोंदी, सर्वेक्षण द्यायचं, दर अर्ध्या तासाला पाणी, रात्री जाड पांघरूण. जानेवारीत तिकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि शाळेची फरशी बर्फासारखी होते. एक चटई आणि एक चादर ही यादी नागपूरच्या खोलीत बसून केलेली आहे.

नाल्यातला दगड हाताने उचलायचा नाही, सब्बलीने (पहारीने) उलटायचा. विंचू त्याखालीच असतो, कधी सापही. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. 108 ला फोन आणि सर्पदंशावरची लस (प्रतिविष) असलेल्या रुग्णालयात. लस कुठे आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं, प्रसंग आल्यावर नाही. कोंढाळीच्या बाजूचं जंगल जवळ आहे, म्हणून सूर्य वर आल्याशिवाय आणि मावळतीनंतर कोणी नाल्याकडे जायचं नाही. हा नियम मुलांनाही तितकाच लागू.

जानेवारीच्या शिबिरात शोषखड्ड्यांचं, म्हणजे घरचं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांचं, काम ठेवलं होतं, त्यावर बैठकीत 'ते दोन दिवसांतही होईल' असं म्हटलं गेल्याचं कळलं. खड्डा होईल, शोषणार नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिरा मिटवून घट्ट बसते. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. आधी फूटभर खड्डा करून त्यात पाणी भरायचं, ते मुरलं की पुन्हा भरायचं आणि तासाभरात किती उतरलं ते काडीने मोजायचं. चार फुटांवरही काळीच माती असेल तर त्या घरी शोषखड्डा करायचा नाही. सांडपाणी परसातल्या केळीला, अळूला काढून द्यायचं. जिथे मुरूम लागतो तिथे खाली मोठे दगड, वर लहान, आणि खड्ड्याआधी गाळ अडवायला छोटी कुंडी. ही कुंडी विसरली की राख आणि खरकटं जाऊन वर्षाच्या आत खड्डा तुंबतो आणि घरची बाई पुढच्या वर्षी आपल्याला दारात उभं करत नाही. हे सगळं घरागणिक वेगळं असतं, म्हणून सात दिवस.

एक चूक आमच्याही प्रस्तावात होती, ती मान्य. मुक्काम जिल्हा परिषद शाळेत धरला होता. शिबिराच्या सात दिवसांत शाळाही चालू असताना वर्ग कुठे भरणार? सेवेला जाऊन शाळा बंद पाडायची, हे बरं दिसत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून समाजमंदिर आणि ग्रामपंचायतीचं सभागृह अशी अदलाबदल केली आहे. दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे.

आमच्या मागण्या अशा:

बंधाऱ्याचा शनिवार-रविवार दिवाळीची सुट्टी लागण्याआधी जाहीर करावा. ही तारीख गेली तर यंदा बंधारा नको. कोरड्या नाल्यातला बंधारा आम्ही घालणार नाही.

जानेवारीचं सात दिवसांचं निवासी शिबिर पूर्ववत करावं. मुलींनी थांबायचं की नाही हे त्या आणि त्यांचे पालक ठरवतील. त्यासाठी पालकांची एक सभा गावातच, मुक्कामाच्या जागेवर घ्यावी. बसचं आम्ही पाहतो.

शिबिराआधी पंधरा दिवस अग्रिम रक्कम कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी आणि परतल्यावर दहा दिवसांत पावत्यांसह हिशोब सूचनाफलकावर लावावा. हिशोब आम्ही लावू, तो कोणीही वाचावा.

संमतिपत्र बदलावं. प्रथमोपचाराची पेटी कपाटात किल्लीसह हरवलेली आहे, ती शोधावी किंवा नवी घ्यावी.

उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे असतील तर ते सातव्या दिवशी, संध्याकाळी सातनंतर, गाव घरी असताना. हार-शाल नको. त्या दिवशी काम बघायला मिळेल, आणि काय जमलं नाही तेही.

शेवटची मागणी शिबिरानंतरची आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दोन विहिरी आहेत. काठापासून पाणी किती खाली आहे ते बंधारा घालण्याआधी दोरीने मोजायचं आणि पुढे दर पंधरा दिवसांनी शाळेतली सातवीची मुलं मोजून वहीत लिहितील, असं ठरलं आहे. ती वही बघायला महाविद्यालयाने मार्चमध्ये एकदा आणि मे अखेर एकदा दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक पाठवावेत. मेच्या फेरीत मधल्या चुंगड्या काढून नाला मोकळा करून यायचं. तीन माणसांचं एसटीचं भाडं एवढाच खर्च आहे.

गावाला आम्ही दिवाळीपर्यंत कळवतो असं सांगितलं आहे. 320 चुंगड्या धुऊन, बांधून वसतिगृहाच्या मागच्या शेडमध्ये ठेवलेल्या आहेत. उन्हात राहिल्या तर त्यांचा धागा विरतो, तेव्हा निर्णय होईपर्यंत शेडचं कुलूप तरी बदलू नये, ही विनंती.

आपले,
राष्ट्रीय सेवा योजना एककाचे आजी-माजी स्वयंसेवक
नागपूर